मे महिन्यातले चार अंश

रुचिकानं केस वाळवायचा ड्रायर इंजिनाच्या शेपटीशी धरला आणि ओढणीच्या टोकानं कंट्रोलरच्या पडद्यावरची धूळ पुसली. पडद्यावर चार अंश दिसत होते. मे महिना, अंजूर गाव, पत्र्याची शेड. तिच्या मानेवरून घाम पाठीत उतरत होता, आणि थर्मासच्या बाटलीएवढं ते जेट इंजिन मात्र आपल्याला थंडी वाजतेय असं सांगत होतं.

स्टूल तिनं मुद्दाम दाराकडे तोंड करून ठेवलं होतं. समोर पडवीत झोळी टांगलेली होती, झोळीत तिची लेक भाविका झोपली होती. झोळीबाहेर आलेलं तिचं एक पाऊल इथून दिसायचं. रविवारपासून रुचिका पोरीकडे पाठ करून बसत नव्हती.

"काय बोलतो पेशंट?" तिचा नवरा धनेश दारात उभा होता. खांद्यावर मांडवाच्या लायटिंगची माळ.

"चार."

"चार काय?"

"चार अंश."

तो हसला. "मग संध्याकाळची कोल्ड्रिंकं यावरच ठेवू."

ती हसली नाही. तेव्हा तो आत आला, माळ खाली ठेवली आणि उकिडवा बसला. "हे बघ रुचिका, काकाच्या मनोजची हळद आज हाय. डीजे त्याच्या मामाकडनं, फटाके आत्याकडनं. माझ्याकडनं काय, तर हे इंजिन चालवून दाखवायचं. सगळ्या गावाला सांगून झालंय. उद्या लोक मला काय म्हणतील?"

"आकडा खोटा आहे तोवर ते चालू करायचं नाही."

"नसलं सापडत तर राहू दे तो आकडा. तो सेन्सर बंद करून टाकतो. मी कानावर चालवीन. पंपाची मोटार नुसती ऐकून सांगतो मी, बेअरिंग गेलं का कॉइल."

"रविवारी कानानं काय सांगितलं?"

धनेशचा हात आपोआप उजव्या भुवईकडे गेला. तिथं आता भुवई अशी नव्हतीच, करपलेल्या केसांची एक पुसट रेघ होती. "झालं का काही कुणाला?" तो उठता उठता म्हणाला. "न्हाय ना? मग. दिवे लागायच्या आत सांग. डिप्लोमा काय नुसता भिंतीवर लावायला केलास?"

तो गेल्यावर तिनं पुन्हा पडवीत बघितलं. झोळीबाहेरचं पाऊल तिथंच होतं.

रविवारी झालं होतं ते सगळं एका श्वासात झालं होतं. शेडसमोरच्या अंगणात धनेशनं इंजिन लोखंडी स्टँडवर बसवून सुरू केलं. शिट्टीसारखा आवाज चढला. पडद्यावर आकडा चाळीसच्या पुढे सरकेना, म्हणून कंट्रोलरला वाटलं आग अजून पेटलीच नाही, आणि त्यानं आणखी रॉकेल सोडलं. आग पेटलेली होती. शेपटीतून माणसाच्या हाताएवढी ज्वाला बाहेर आली, पिवळी, आवाज न करता. आणि नेमकी तेव्हाच भाविका, कोंबडीच्या पिल्लामागं, इंजिनाच्या मागून पळत गेली.

काही झालं नाही. फ्रॉकचा घेर एका बाजूनं तांबूस झाला, तव्यावर भाकरीला डाग पडतो तसा. पोर रडलीसुद्धा नाही. रुचिकानंच तिला इतकं घट्ट धरलं की ती रडली. तेव्हापासून रात्री पोर कूस बदलली तरी रुचिका उठून बसायची आणि तिच्या पायांवरून हात फिरवायची, आधी एका, मग दुसऱ्या.

इंजिन नको म्हणून भांडून बघितलं होतं. भांडणानं धनेश हट्टाला पेटतो, एवढंच पुन्हा कळलं. मग एकच वाट उरली. आकडा खरा झाला, की इंजिन तापल्यावर कंट्रोलर आपणहून रॉकेल तोडणार होता. तेवढा एक आकडा खरा व्हायला हवा होता.

सकाळी तिनं शेपटीतला सेन्सर काढून नवा बसवला होता. तरी चारच. म्हणजे दोष सेन्सरचा नव्हता. तार मीटरनं तपासली, कुठं तुटलेली नव्हती. राहता राहिला मधला प्लग, सेन्सरची तार कंट्रोलरला जोडणारा, बोटाच्या पेराएवढा. तिनं ड्रायरचा झोत शेपटीवरून हळूहळू त्या प्लगकडे आणला.

आकडा हलला. सात. बारा. मग उडी मारून तीस, आणि छत्तीसवर येऊन थांबला. भिंतीवरच्या तापमापकातही छत्तीसच होते.

रुचिकानं ड्रायर बंद केला. आकडा छत्तीसवर स्थिर होता. ओल असणार, तिनं मनाशी म्हटलं. खाडीकडची हवा, घाम, काहीतरी. तिनं प्लग सोडवला आणि नीट कोरडा व्हावा म्हणून त्याची दोन्ही तोंडं उघडीच टेबलावर ठेवली.

एवढ्यात झोळीतून हाक आली. भाविकाला पेज भरवली, तोंड धुतलं, तिच्याबरोबर मांजराला 'टाटा' केलं, आणि पोर पुन्हा पेंगल्यावर ती शेडमध्ये आली. प्लग जोडला.

चार.

तिनं तो काढून पुन्हा जोडला. तरी चारच. वस्तू आपणहून बिघडते, आपणहून दुरुस्त होत नाही आणि दुपारच्या उन्हात आपणहून ओलीही होत नाही. तिनं प्लग पुन्हा सोडवला, मोबाइलचा टॉर्च लावून आत पाहिलं. दोन्ही पिनांच्या बुडाशी काहीतरी पिवळं होतं. गंज असा पिवळा नसतो. तिनं काडीनं ते टोकरलं. ओलं होतं. नाकाशी नेलं.

हळद.

अंगणात तुळशीपाशी पितळी वाटीचा आवाज झाला. सासूबाई, गोदूबाई, वाटी विसळत होत्या. रुचिकाला सगळं दिसलं, आणि इतके दिवस आपल्याला कसं दिसलं नाही याचंच नवल वाटलं. इंजिन घरी आलं त्या दिवशी सासूनं त्याची पूजा केली होती, नारळ फोडला होता. तिथंच ते संपलं नव्हतं. गोदूबाई रोज अंघोळ करून तुळशीला पाणी घातलं, की ओली हळद घेऊन निघायच्या. पंपाची मोटार, स्कूटर, विजेचा मीटर, दळणाची चक्की. सासरे केसरीनाथ म्हणायचे, "मी जरा जास्त येल उभा राहिलो तर मनापन लावल ही." आणि धनेश रोज संध्याकाळी प्लग सोडून, उघडा टाकून झोपायला जायचा.

"आई," रुचिका बाहेर आली. "शेडमध्ये तुम्ही आत्ता गेला होता?"

"गेलते ना." गोदूबाईंनी वाटी उपडी घातली. "पोरीला भरवत व्हतीस तू. का गो?"

"हळद लावली का त्याला?"

"लावली. सकाली लावतेच. रविवारपासून दुपारचीपन लावते." त्या थांबल्या. आवाज खाली आला. "मना त्याचं भ्या वाटतं, रुचिका. धनेश आयकनारा न्हाय. म्हनून मी आपली लावते. त्याच्या तोंडाला लावते, नुसती वरून न्हाय. देवाला नैवेद तोंडालाच दावतो ना आपन?"

रुचिका पायरीवर बसली. काय सांगावं आणि किती, ते तिला कळेना. पण सांगायला तर हवंच होतं. आज संध्याकाळी या अंगणात परातभर हळद येणार होती.

"आई, त्याचं तोंड नाही ते. ती त्याची... नस आहे म्हणा. शेपटीला किती ताप आहे, ते त्या नसेतून मेंदूला कळतं. तिथं ओली हळद गेली की हळदीचीच बारीक वीज तयार होते आणि खोटं सांगते. अंग जळतंय तरी मेंदूला वाटतं गार आहे."

"मंग?"

"मग ते आणखी रॉकेल पितं."

गोदूबाई वाटीवरचा हात काढायला विसरल्या. ऊन पत्र्यावर तडतडत होतं. शेजारच्या गोदामात ट्रक मागं घेताना पोरगा ओरडत होता, "आने दो, आने दो."

"म्हंजे रविवारी..." त्या म्हणाल्या.

"रविवारी नाही," रुचिका चटकन म्हणाली. "रविवारचं वेगळं. रविवारी वारा उलटा होता, आई. वाऱ्यानं ज्वाला बाहेर आली. हळदीचा काही संबंध नाही त्याच्याशी. हे मी पुढचं सांगतेय, आजचं."

"वारा."

"हो. वारा."

गोदूबाईंनी मान हलवली. वाटी उचलली, पुन्हा तिथंच ठेवली आणि झोळीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. झोळीला हात लावला नाही.

रुचिकानं स्पिरिट आणि दातांच्या जुन्या ब्रशनं प्लग घासला, ड्रायरनं वाळवला, जोडला आणि वरून टेप गुंडाळला. छत्तीस. ड्रायर शेपटीशी नेला तसा आकडा गुमान चढला. काढून घेतला तसा उतरला.

धनेश आला तेव्हा ती म्हणाली, "सापडलं. प्लगमध्ये ओल होती."

"ओल? यवढंच?"

"एवढंच. पण माझ्या अटी आहेत. दोरी बांधायची, शेपटीच्या बाजूला कुणी उभं राहायचं नाही. आग विझवायचा सिलिंडर माझ्या पायाशी. बंद करायचं बटण माझ्या हातात. आणि भाविका आईंजवळ, पडवीत."

"आये, ऐकलंस? सून न्हाय, पोलीस आणलाय."

गोदूबाईंनी ऐकलं नसावं.

दिवे लागले तेव्हा अंगण भरलं होतं. डीजे बंद करवला. पोरं दोरीवरून ओणवी झाली. धनेशनं सुरू करायचं बटण दाबलं, आणि तोच शिट्टीसारखा आवाज चढू लागला. रुचिकाचा अंगठा लाल बटणावर होता.

"आकडा बोल!" धनेश ओरडला.

"पस्तीस. ऐंशी. दोनशे." ती वाचत गेली. "चारशे दहा. पाचशे नव्वद."

इथं. इथं काही व्हायचं तर आता. तिनं अंगठा बटणावर इतका टेकवला की नख पांढरं झालं. शेपटीच्या आत केशरी कडं उजळलं, पण बाहेर काही आलं नाही. हवा तेवढी थरथरली. आकडा सातशेच्या अलीकडे थबकला, किंचित खाली आला, सहाशे वीसवर बसला आणि तिथंच राहिला.

शिट्ट्या, टाळ्या. धनेशनं दोन्ही हात वर केले, तिच्याकडे बोट दाखवून काहीतरी ओरडला. ते आवाजात बुडून गेलं. तिनं बटण दाबलं. इंजिन उतरत उतरत गप्प झालं, आणि तेव्हा कुठं तिनं पडवीकडे पाहिलं. गोदूबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. मांडीवर भाविका. पोर सुटायला धडपडत होती आणि त्या तिला सोडत नव्हत्या.

मांडवात लग्नगाणी म्हणणाऱ्या धवलारणीनं गाणं उचललं. पाटावर मनोज बसला, पुढ्यात हळदीची परात. "पयली हलद मोठ्या काकीची," मनोजच्या आईनं हाक मारली. "गोदूबाय, चला!"

गोदूबाई उठल्या नाहीत. "माजा हात दुखतंय," त्या तिथूनच म्हणाल्या. "तुमी सुरू करा."

"आता गो, आजच दुखायला पायजे तुजा हात?" कुणीतरी म्हणालं, बायका हसल्या आणि दुसऱ्या कुणीतरी परातीत हात घातला.

रुचिका सिलिंडर ठेवून पडवीत आली. गोदूबाईंचे दोन्ही तळवे लाल झाले होते. राखेनं, दगडानं घासल्यासारखे. नखांतही पिवळं कुठं उरलं नव्हतं.

"आई, चला ना. मी येते बरोबर."

गोदूबाई मांडवाकडे बघत होत्या. "रविवारी मी गोधड्या धुतल्या व्हत्या," त्या म्हणाल्या.

"हो?"

"दोरीवर घातल्या व्हत्या. अंगनातच. दुपारभर बघत व्हते, वालतात का." त्यांनी भाविकाला उचलून रुचिकापुढे धरलं, दोन्ही हात लांब करून. "एक गोधडी हालली न्हाय गो."

मांडवातून पुन्हा हाक आली, "काकी!" भाविका दोघींच्या मधे लटकत पाय हलवत होती. तिचे पाय, एक आणि दुसरा.

"घे," त्या म्हणाल्या. "घे तुजी पोर."

रुचिका खाली बसली, खांबाशी, सासूच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. हात मात्र पुढे केले नाहीत.

"माझे पाय गेलेत उभं राहून," ती म्हणाली. "मी जरा बसते. तुमच्याकडेच असू द्या तिला."