झिजलेलं तिसरं गाणं

मी एक जुनी कॅसेट आहे, मित्रांनो. माझा डबा हरवलाय, एक कोपरा तडकलाय आणि पोटातली फीत सेलोटेपच्या तुकड्यांनी कशीबशी धरलेली आहे.

माझ्यात इंग्लंडच्या ‘टिन हार्बर’ या रॉक बँडची गाणी आहेत. त्या चौघांचं नशीब मोठं अजब. स्वतःच्या गावात कार्यक्रमाला वीस माणसं जमेनात, आणि तिकडे जपानात त्यांच्यासाठी मैदानं भरायची. पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय!

मी कोल्हापुरात निसारच्या वडाप रिक्षात, म्हणजे माणसं गोळा करत धावणाऱ्या रिक्षात आले. इंग्रजी तिथं कुणाच्या बापाला कळत होतं? पण माझ्या दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं लागलं, की मागं दाटीवाटीनं बसलेले कामगार ओरडायचे, “निसारभाई, त्येच परत लावा की!” निसारही तोंडाला येतील ते शब्द घालून मोठ्यानं गायचा. रिक्षाच्या पाठीवर त्यानं बँडचं नाव रंगवून घेतलं होतं. मला काय मान होता तेव्हा!

पण सारखं तेच गाणं मागंपुढं करून तिथंच फीत अडकायची. निसार चुरगळलेला भाग कात्रीनं कापायचा, टोकं जोडायचा, पेन्सिलीनं मला गुंडाळायचा आणि पुन्हा लावायचा. पुढं टेपचा जमाना गेला. मी सीटखाली पान्यांच्या शेजारी जाऊन पडले ती पडलेच.

गेल्या वर्षी त्याच्या लेकीनं, आफशीननं, माझा फोटो मोबाइलवरून इंटरनेटवर टाकला. आठवड्यात खुद्द बँडच्या गायकाचा, डेरेकचा, निरोप आला. तो आता म्हातारा झालाय. तिसरं गाणं त्यानं बायकोसाठी केलेलं. ते फक्त भारतात निघालेल्या कॅसेटवर आलं होतं आणि त्याच्याकडची मूळ फीत पुरात गेली. बायकोही गेली. त्याला ते एकदा ऐकायचं होतं, बस्स.

निसारनं कुठून तरी टेप पैदा केला. आफशीननं मोबाइल जवळ धरला. दोन ओळी वाजल्या, घरघर झाली आणि एकदम चौथं गाणं सुरू झालं.

“अब्बा, बाकीचं कुठं गेलं?”

“मीच कापलं की गं. एकेक बोट करत.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“थांब, मला पाठ हाय,” म्हणत निसारनं डोळे मिटले आणि सगळं गाणं मोबाइलमध्ये म्हटलं. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. डेरेकनं आभार मानले होते. पण ही माझी चाल नाही, असंही लिहिलं होतं. तीस वर्षांत निसारच्या तोंडी ती हळूहळू बदलली होती आणि त्याला पत्ताही नव्हता.

मित्रांनो, टाकून दिलेली वस्तू जाते हे तुम्हाला माहीत आहे. पण आवडीची वस्तूही हातात झिजते. वेळीच तिची एक प्रत काढून ठेवा. माझी प्रत काढायला चौकातल्या दुकानात अर्धा तास लागला असता.

निसार अजून रिक्षा चालवतो. कधी सवयीनं ते गाणं गुणगुणायला लागतो आणि दुसऱ्याच ओळीला गप्प होतो.