अर्धी बाटली ब्रेक ऑइल

गेली चौदा वर्षं गाडीवाल्या बाई लोकांना गाडी शिकवत होत्या. त्यांच्या गाडीला ब्रेकची दोन पेडलं होती, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक बाईंच्या. दिवसातून शंभरदा तरी बाईंचा पाय त्यावर पडायचा. त्यामुळे शुक्रवारी उतारावर पेडल स्पंजासारखं आत गेलं आणि गाडी नेहमीपेक्षा हातभर पुढे जाऊन थांबली, तेव्हा ते त्यांना लगेच कळलं. गाडी चालवणाऱ्या शिंपीणबाईंना पत्ताही लागला नाही. त्यांची लायसन्सची परीक्षा सोमवारी होती.

बाई तडक सर्व्हिस सेंटरला गेल्या. टाय लावलेल्या माणसाने टाकीचं झाकण उघडून दाखवलं. आतलं ब्रेक ऑइल कोऱ्या चहासारखं काळपट झालं होतं.

"तीन वर्षं बदललेलं नाही, मॅडम. याने पाणी धरलंय."

इथवर ठीक. पण ऑइलबरोबर ब्रेकची सफाई, चाकांचं अलाइनमेंट आणि आणखी कसलंसं सुरक्षा पॅकेज घ्यावंच लागेल म्हणे. आकडा चार हजारांच्या वर गेला. नुसतं ऑइल बदलून मिळेल का, असं बाईंनी तीनदा विचारलं. तीनदा त्याने पॅकेज समजावून सांगितलं.

पुलाखालच्या मेकॅनिकने फोनवर बाराशे सांगितले आणि "सकाळी घेऊन या" म्हणाला. बाईंचं ठरलं. चूक एवढीच झाली, की जेवताना त्या हे बोलून गेल्या.

"बाराशे?" नवऱ्याचा घास हातातच राहिला. चार महिन्यांपूर्वी तो कागदाच्या कारखान्यातून निवृत्त झाला होता आणि तेव्हापासून घरातली एकही वस्तू त्याच्या पान्यातून सुटली नव्हती. "अगं, माळ्यावर अर्धी बाटली पडलीय. मी करतो."

"अहो, ब्रेक आहे तो. नळ नाही."

"नळ तरी कुठे गळतोय आता?"

नळ खरंच गळत नव्हता.

शनिवारी सकाळी गाडी जॅकवर चढली. नवरा चाकामागे आडवा झाला आणि बाई पेडलवर पाय ठेवून बसल्या. पेडल दाबून धरायचं, त्याने चाकामागचा छोटा स्क्रू सैल करून जुनं ऑइल काढायचं, स्क्रू आवळला की पाय उचलायचा, एवढंच काम.

"दाब!" खालून आवाज आला. बाईंनी दाबलं. "धर!" धरलं. मग आणखी काहीतरी ऐकू आलं आणि बाईंनी पाय उचलला.

"अगं, सोडलंस कशाला?"

"तुम्हीच म्हणालात, सोड."

"मी 'थोडं' म्हणालो! थोडं थांब!"

"मग आधी 'थांब' म्हणायचं ना!"

शिकाऊ माणूस गाडी भिंतीत घालायला निघाला तरी बाईंचा आवाज कधी चढत नसे. त्या सकाळी शेजारीण दोनदा गच्चीवर येऊन बघून गेली. दुपारपर्यंत चारही चाकांची दोन-दोन आवर्तनं झाली आणि पेडल थेट तळाला टेकलं. आता गाडी पुलापर्यंत नेण्याचीही सोय उरली नाही.

"तू लवकर सोडतेस, म्हणून हवा शिरते," नवरा म्हणाला.

बाईंनी मेकॅनिकला फोन लावला.

स्कूटरवरून आलेल्या मेकॅनिकने आधी टाकी बघितली. टाकी कोरडी ठणठणीत.

"साहेब, खालून काढताय तेवढं वरून भरायचं असतं. हवा इथून शिरली." मग त्याने बाटली उचलली. "ही कधी उघडली होती?"

"आधीच्या गाडीच्या वेळी," नवरा पुटपुटला.

"म्हणजे झाली सहा वर्षं," बाई म्हणाल्या.

"उघडी बाटली हवेतलं पाणी शोषते, ताई. जुनं काढून जे थोडं भरलंत, तेही जुनंच."

बाटली ठेवली होती तिथे बॉनेटवर सांडलेल्या ऑइलने रंग फुगून आला होता. आता बाईंना बोलायला रान मोकळं होतं. त्यांनी तोंड उघडलंही. तेवढ्यात नवरा गुडघा धरून कसाबसा उठला आणि खाली बघत म्हणाला, "मला वाटलं, तुझे बाराशे वाचतील."

बाईंचा संताप आणखीच वाढला. आता धड ओरडताही येईना.

मेकॅनिकने नवी सीलबंद बाटली फोडली. टाकी भरलेली ठेवायचं काम त्याने नवऱ्याला दिलं, आणि नवरा पापणी न लववता टाकीकडे बघत उभा राहिला. तासाभरात पेडल पायाला कडक लागलं. ऑइल, मजुरी आणि घरी येण्याचे मिळून अठराशे झाले. रंगाचं काय ते पुढे बघायचं. बाईंनी त्याच उतारावर चार फेऱ्या मारल्या, तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला.

सोमवारी शिंपीणबाई नापास झाल्या. वळताना आरशात बघितलंच नाही.

"ब्रेकमुळे नाही ना?" बाई दारात दिसताच नवऱ्याने विचारलं.

"नाही. ब्रेक जागच्या जागी लागत होता."

"मग ठीक."

"ठीक काय, डोंबल! तिला पुन्हा फी भरावी लागणार." बाई सोफ्यावर बसल्या. दीडशे वेळा पेडल दाबून त्यांची पोटरी दोन दिवस ठणकत होती. त्यांनी पाय उचलून सरळ नवऱ्याच्या मांडीवर टाकला. "घ्या. हे करा दुरुस्त."