सीताफळावरची पळणारी कीड

मी एक जुना फवारणीचा पंप आहे, पाठीवर अडकवायचा. मित्रांनो, मला दिसत नाही. माणूस मी पाठीवरून ओळखतो आणि बाकीचं त्याच्या बोलण्यावरून. म्हणून माझ्या हकिकतीत गोंधळ वाटला, तर तो माझाच समजा.

शहाद्याच्या दुकानातून गिरधरभाऊंनी मला लोणखेड्याला आणलं. त्यांच्या पाठीवरून मी कापसात हिंडलो, पपईत हिंडलो. डाव्या हाताने दांडा मारत ते स्वतःशीच गुणगुणायचे. कीड मेली की बांधावरून कोणीतरी ओरडायचं, "गिरधरभाऊ, पंप भारी शे रे भो तुन्हा!" मला आनंद व्हायचा. कोणती कीड मेली, ते मला कधी कोणी सांगितलं नाही.

मग काम थांबलं. घरात पुष्कळ माणसं आली, हळू बोलली आणि गेली. मला वाटलं, यंदा हंगाम लांबला असेल.

एका सकाळी मला उचललं, पण पाठ निराळी होती. अरुंद. ती त्यांची मुलगी, दामिनी. शेतात न जाता आम्ही अंगणातच उभे राहिलो, गिरधरभाऊंनी लावलेल्या सीताफळापाशी. त्याच्यावर पिठ्या ढेकूण पडला होता. ही कापसाच्या बोळ्यासारखी पांढरी कीड फळांच्या खाचांत बसते आणि रस शोषते. मग फळं चिकट होतात, काळी पडतात. झाड वाचेल की नाही, याचीच दामिनीला काळजी होती.

कुंपणापलीकडून शेजारच्या कौसाबाई म्हणाल्या, "काय वं दामिनी, देखत काय उभी ऱ्हायनी? मार फवारा. झाड मरी जाई."

"काकू, यामातलं काही पयी ऱ्हायनं." दामिनी म्हणत होती की यातले काही किडे पळताहेत.

"पयू दे. पांढरं शे ना? मंग मार."

"पिठ्या ढेकूण इतला जोरमा पयस नही. आनि हाऊ त्यालेच खाई ऱ्हायना." पळणारा किडा ढेकणांनाच खातो आहे, असं तिचं म्हणणं.

"दोन पुस्तकं वाचात आनि किडासना नातं जोडाले लागनी!"

दामिनी हसली नाही. "आबा ऱ्हातात ते..." एवढंच म्हणाली. आबा, म्हणजे गिरधरभाऊ, असते तर, असं तिला म्हणायचं होतं.

कौसाबाईंचा आवाज खाली आला. "तुन्हा आबानीबी मागला साल फवारं. दुप्पट पांढरं उनं."

फवारल्यावर कीड दुप्पट आली? मी गोंधळलो. गेल्या साली तर माझी वाहवा झाली होती. मग मी मारलं तरी कोणाला?

औषधाची बाटली न उघडताच दामिनीने मला खाली ठेवलं. मोठं होऊन कोण निघतं ते बघायला पळणाऱ्या किड्यांसकट एक डहाळी तिने बरणीत घातली आणि तोंडाला पातळ फडकं बांधलं. झाड तसंच राहिलं. पानं गळू लागली. फार बरबटलेली फळं तिने तोडून खड्ड्यात पुरली. कौसाबाई रोज विचारायच्या, "निंघना का तुन्हा जावाई?"

एके दिवशी तो निघाला: काळपट पाठीचा, नारिंगी डोक्याचा इवलासा भुंगेरा. ढालकिडा, दामिनी म्हणाली. त्याची पिल्लं पांढरीच असतात, हुबेहूब ज्यांना खातात त्यांच्यासारखी.

"पोर पांढरं नि माय काळी?" कौसाबाई म्हणाल्या. "मंग वळखाव कसं?"

"थांबीसन देखनं पडी, काकू."

बरणीतला भुंगेरा तिने फांदीवर सोडला. खोडाला प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळून वरून ग्रीस लावलं, कारण ढेकणांतून पाझरणाऱ्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्यांची राखण करतात. मुंग्यांची वाट बंद झाली. मला खळखळून धुऊन माझ्यात नुसतं पाणी भरलं. जिथे पळणारं कोणी नव्हतं, तिथेच तिने जोराची धार मारली. मी इतका हलका कधीच झालो नव्हतो. नुसत्या पाण्यानेही काम होतं, हे मला अजून नीटसं उमजलेलं नाही.

एक फांदी वाळली. बाकीच्या फांद्यांवर पानं फुटली.

मित्रांनो, आमच्यासारख्या पंपांना भरण्याआधी पान उलटून बघा. कोण रस पितं आणि कोण झाड राखतं, ते आधी ओळखा. ओळखू येत नसेल, तर थोडं थांबा.

पहिलं सीताफळ पिकलं तेव्हा मी ओट्यावरच होतो. दामिनीने ते फोडून अर्धं कौसाबाईंना दिलं. "कसं शे वं?" त्यांनी विचारलं. दामिनी गिरधरभाऊंसारखंच स्वतःशी गुणगुणू लागली. फळ गोड निघालं की नाही, ते मला कळलंच नाही.