मुठीवरची देवी

मित्रांनो, मी घडीचा चाकू आहे. म्हातारा झालो, पण बोथट झालेलो नाही. कुणाला शंका असेल तर त्यानं खुशाल बोट लावून बघावं, मग रडत माझ्याकडे येऊ नये.

माझा जन्मच मुळी मारामारीत झाला. मला तापवलं, घणाखाली बडवलं, पाण्यात बुडवलं, दगडावर घासलं. एवढा मार खाल्ला तेव्हा कुठे पात्याला धार आली. वर लोखंडी पत्र्याची साधी मूठ ठोकली नि मला म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एका पथारीवर टाकून दिलं. गोवा मुक्त होऊन फार वर्षं झाली नव्हती. खाणी मात्र जोरात सुरू होत्या. तिथल्याच एका ट्रकवाल्यानं, सगुणनं, मला उचललं.

सगुण मूळचा पेडण्याचा. डिचोलीजवळच्या खाणीतली लोखंडाची लाल माती भरून तो नदीच्या धक्क्यावर नेऊन ओतायचा. कितीतरी वर्षं क्लीनर म्हणून चाकं पुसल्यावर त्याच्या हातात स्टेअरिंग आलं होतं. त्याची बायको विनोदिनी रोज त्याला डबा देताना म्हणायची, "हात सांभाळा हां. ह्या हातार घर चलता आमचां." सगुण हसायचा आणि मला पँटच्या खिशात टाकून निघायचा.

ते दिवस झकास होते! मी दोर कापायचो, सुपारी कातरायचो, ट्रकच्या सावलीत चूल पेटली की बांगडे साफ करायचो. माझ्या अंगाला कायम कसला ना कसला वास असायचा. त्याची मला कधी लाज वाटली नाही.

पण एकदा खाणीवर ट्रकांची लांबलचक रांग लागली होती आणि सगुणला घाई झाली. त्यानं बाजूनं गाडी काढून मधेच घुसवली. मागच्या ट्रकमधून रघुनाथ नावाचा दांडगा ड्रायव्हर उतरला. त्यानं सगुणला शर्टाला धरून केबिनमधून खाली ओढलं आणि नाकावर गुद्दा हाणला. सगुण मातीत पडला. रघुनाथनं त्याच्या बरगड्यांत लाथा घातल्या, एकामागून एक. सगुणनं पडल्या पडल्या मला बाहेर काढलं. झालं, सगळी रांग खदाखदा हसली!

"ह्यो चाकू कित्याक रे? आंबे कापूक?" म्हणत रघुनाथनं स्वतःचा चाकू उघडून त्याच्या डोळ्यांपुढे धरला. त्या चाकूच्या स्टीलच्या मुठीवर फणा काढलेला नाग कोरला होता. सगुणच्या नाकातून रक्त गळत होतं, पण मार लागल्यापेक्षा लोकांचं हसू जास्त लागलं, हे मला त्याच्या मुठीतच कळलं. चूक त्याची होती. तेवढं मात्र त्याच्या डोक्यात शिरलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो मला घेऊन डिचोलीच्या बाबली कासाराकडे गेला. बाबली देवळांच्या समया घडवायचा, देवांचे मुखवटे घडवायचा, आणि हौशी ड्रायव्हरांच्या चाकूंना पितळी मुठीही बसवून द्यायचा. कुणाला नाव हवं, कुणाला वाघ.

"माका सातेरी देवीचो मुखवटो होयो," सगुण म्हणाला. "नागाक ती बरी पुरून उरतली."

"चाकवार कोण देवी घालता रे?" बाबली चिडला. पण सगुण हटून बसला. शेवटी बाबलीनं माझी जुनी मूठ उचकटली. छिन्नी माझ्या सांध्यात घुसली, खिळे तुटले, पत्रा किंचाळला. मग दोन्ही बाजूंना जाड पितळ बसलं आणि त्यावर घाव पडू लागले. मुखवटा उमटत गेला. कपाळावर मळवट, मोठे डोळे, नाकात नथ. सुंदर होता हो, खोटं कशाला बोलू?

"आता पात्याकडे कंगोरो ठेवतंय," बाबली म्हणाला. "नायतर हात घसरतलो."

"कंगोरो नको. देवीच्या गळ्यार रेघ येतली."

"अरे, हात कापून घेशील!"

"देवी आसा मां राखणेक?" सगुण म्हणाला. बाबलीनं कपाळाला हात लावला आणि मला आरशासारखा गुळगुळीत करून दिला.

तिथून माझे हाल सुरू झाले. देवीवर बसायचं कसं, म्हणून मी पँटच्या मागच्या खिशातून शर्टाच्या खिशात गेलो. देवीला मासळी लागायची नाही, म्हणून बांगडे बंद. चिखल बंद, दोर बंद. सकाळी कुंकू लावायचं, कपाळाला टेकवायचं आणि ठेवून द्यायचं. मला हातात धरतानाही तळवा देवीच्या तोंडावर येऊ नये म्हणून सगुण मुठीच्या मागच्या टोकाला, शेपटाकडून, चिमटीत धरायचा.

"मगे आता ह्यो कसल्या कामाचो?" विनोदिनीनं विचारलं.

"राखणेचो."

"कापूचां काय नाय, तर धार कित्याक लावतात?" सगुणनं मला शर्टाच्या खिशात टाकलं आणि तो निघाला. मला मात्र उत्तर ठाऊक होतं. सगळी कामं काढून घेतल्यावर चाकूला एकच काम उरतं.

ते काम धक्क्यावर आलं. भर दुपारची वेळ होती. रघुनाथनं माती ओतून गाडी मागे घेतली आणि ती सगुणच्या गाडीला घासली. आरसा फुटला. सगुण उडी मारून उतरला. शिव्यांना सुरुवात झाली, आयाबहिणी निघाल्या. सगुणचा क्लीनर शांताराम मधे पडला, "सोडा रे, आरसोच तो!" म्हणाला. रघुनाथनं त्याला ढकलून दिलं आणि सीटखालची चाकं खोलायची लोखंडी टॉमी काढली. पहिला फटका सगुणच्या खांद्यावर बसला. दुसरा मांडीवर. हाड वाजलं. सगुण किंचाळला आणि त्यानं मला उपसलं.

त्याही घडीला, मित्रांनो, त्याही घडीला त्यानं मला शेपटाकडूनच धरलं! तळवा घामानं निथळत होता, त्यावर लाल माती. सगळं बळ एकवटून त्यानं मला रघुनाथच्या छातीत खुपसलं. शर्ट फाटला, कातडी फाटली, ऊन ऊन रक्त माझ्या अंगावर आलं आणि मी गळ्याजवळच्या हाडावर जाऊन आदळलो. मी थांबलो. सगुणचा हात थांबला नाही. तो गुळगुळीत पितळेवरून, देवीच्या तोंडावरूनच घसरत पुढे आला आणि माझ्या धारेवर गच्च आवळला गेला. चार बोटं मी हाडापर्यंत कापली. आपल्याच धन्याची! मला थांबता येईना. माझ्या हातात काय असतं? मला हातच नाहीत.

रघुनाथ वाचला. केस नको म्हणून पोलिसांना दोघांनीही जॅक सटकल्याचं सांगितलं. म्हापशाच्या डॉक्टरांनी सगुणची बोटं शिवली, पण आतल्या शिरा तुटल्या होत्या. ती बोटं पुन्हा मिटली नाहीत. स्टेअरिंग दुसऱ्याच्या हातात गेलं.

एवढं होऊनही गडी सुधारला का? छे! बँडेज बांधलेला हात उशीवर ठेवून तो म्हणायचा, "देवीनंच जीव राखलो. बरो जाव दी, मगे दाखयतंय रघुनाथाक." हे ऐकलं आणि विनोदिनी उठली. मला फडक्यात गुंडाळून ती तडक बाबलीकडे गेली.

"ह्या तोंड पुसून टाका."

"घडयलेली देवी पुसूची नसता, बाय."

"मगे मनशाच्या रगतात बुडवची असता?"

तिनं बाबलीच्या पुढ्यातली कानस उचलली, मला मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "आई, तुका हंयसून सोडयतंय." मग ती घासू लागली. नथ गेली, डोळे गेले, मळवट गेला. घणाखाली मी इतका कळवळलो नव्हतो. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण हात काही थांबला नाही.

घरी येऊन तिनं माडाची झावळं सगुणपुढे टाकली. झाडू बांधायला त्यांच्या पानांतल्या काड्या, हीर, काढायचे होते. मला तिनं त्याच्या डाव्या हाताशी ठेवलं. त्यानं मला भिंतीवर फेकलं. तिनं उचलून पुन्हा ठेवलं. त्यानं पुन्हा फेकलं.

"डाव्यान कशे काढू गे?" तो ओरडला.

"उजवो देवीक व्हायलात मां?" ती म्हणाली. "आता डाव्यानच काढा."

सगुण हमसून हमसून रडला. नंतर त्यानं मला धरायला हात पुढे केला आणि हळूच म्हणाला, "मुठीक आधार नाय गे." बाबलीनं आधीच सांगितलेली ही गोष्ट कळायला त्याला चार बोटं द्यावी लागली. विनोदिनीनं काथ्याची दोरी घेतली आणि माझ्या मुठीला करकचून गुंडाळली.

तर मित्रांनो, मला तेल द्या, धार द्या, आणि रोज काहीतरी कापायला द्या. मला सजवून, पुजून, नुसता खिशात ठेवू नका. तसा ठेवलात तर मी कुणाच्या तरी रक्ताची वाट बघत बसतो, आणि ते कुणाचं असेल याच्याशी मला काही देणंघेणं नसतं.