दुसरं टोक

बंदर कंपनीला द्यायचं म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या आणि दोन झेंडे. राजशिष्टाचार अधिकाऱ्याच्या वाट्याला इतकंच काम होतं. पण पाहुण्यांचा झेंडा कोणता, यावर सकाळपासून त्याचं डोकं पिकलं होतं. कंपनीची नोंदणी एका बेटावर, कचेरी दुसऱ्या देशात, मालक तिसऱ्याच. शेवटी त्याने कंपनीच्या सेक्रेटरीबाईंना फोन लावला.

"तुमचाच लावा," बाई म्हणाल्या. "बंदराच्या फाटकावरही तुमचाच राहू द्या. पोलीसही तुमचेच. देश चालवायची कटकट आम्हाला कशाला?"

सार्वभौमत्वाचा प्रश्न इतक्या स्वस्तात सुटला म्हणून त्याला बरं वाटलं. मग दादा आठवला.

दादा, त्याचा थोरला भाऊ, बंदरात क्रेन चालवायचा. सह्या झाल्या की क्रेन कंपनीची आणि दादा कोणाचाच नाही. म्हणून तो सोबत्यांना घेऊन आज फाटकाशी बसला होता. काल संध्याकाळी त्याने झेंडा मागितला होता.

"कशाला?"

"झेंडा हातात असला की तुझं सरकार मारत नाही."

"माझं कसलं सरकार? मी खुर्च्या मांडतो."

"मांड की. झेंडा दे."

त्याने गोदामातला सगळ्यात मोठा काढून दिला. "जमिनीला लावू नकोस," एवढं सवयीने बजावलं.

मंत्रीसाहेब सही करत होते तेव्हा फाटकावरच्या घोषणा दिवाणखान्यापर्यंत येत होत्या. अधिकारी उगाचच खुर्ची सरळ करी, खिडकीशी जाई, परत येई. मग घोषणा एकदम थांबल्या. आत टाळ्या वाजल्या.

थोड्या वेळाने फौजदार आला. काखेत झेंड्याची घडी.

"साहेब, तुमचं परिपत्रक तंतोतंत पाळलं. गर्दीत झेंड्याचा अवमान नको, म्हणून लाठीच्या आधी तो मानाने उतरवून घेतला. सलाम करून."

"दिला त्यांनी?"

"एक क्रेनवाला धरून होता. म्हटलं, जमिनीला लागेल हो. लगेच तयार झाला. घडी घालायला दुसरं टोकही त्यानेच धरलं."

"आणि मग?"

"मग काय. मग त्याच्यापासूनच सुरुवात."

अधिकाऱ्याने घडी हातात घेतली. चारही कोपरे जुळले होते. लहानपणी चादरीची घडी घालताना दादा असेच कोपरे जुळवायचा, दुसरं टोक याच्याकडे असायचं.

"कुठल्या इस्पितळात नेलंय?" त्याने विचारलं.

आतून हाक आली. फोटोसाठी मागे झेंडा हवा होता.