तांदळावर लिहिलेलं नाव

नर्सच्या नोंदणीचं नूतनीकरण आता ऑनलाइन झालंय, पाच मिनिटांचं काम, असं प्रगतीला जो तो सांगत होता. पाच मिनिटं म्हणे! आज तिसरा दिवस. भिगवणच्या दवाखान्यात बारा वर्षं तिनं रात्र म्हटली नाही की दिवस म्हटला नाही. पण आज पाचपर्यंत अर्जाची पावती दाखवली नाही तर उद्यापासून येऊ नका, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं.

आणि घोडं अडलं कुठं, तर नावात. नर्सिंगचं प्रमाणपत्र सारजा तात्याबा हिचं, आधारकार्ड प्रगती संदेश हिचं. बाई एकच, पण संगणकाला कोण समजावणार? लग्नात सासूनं, छबूबाईनं, ताटात तांदूळ पसरून संदेशला अंगठीनं नवं नाव लिहायला लावलं होतं. "सारजा लई जुनाट. शिकल्याली सून हाय, नाव बी तसंच पायजे." वडिलांनी हौसेनं ठेवलेलं नाव तिथंच संपलं. ती रडली, तर लोक म्हणाले, माहेर सुटतंय म्हणून रडतीय. तो राग तिच्या मनातून कधी गेलाच नाही.

इंदापुरातल्या सेवा केंद्रातला सिद्धू म्हणाला, "नाव लग्नात बदललं, असं सासरच्या वडीलधाऱ्या माणसाचं प्रतिज्ञापत्र लागंल, ताई."

म्हणजे छबूबाईच! वांग्याची तोडणी टाकून ती आली, वाटभर कुरकुरत.

"आजी, सुनेचं नाव कुणी बदललं?" सिद्धूनं विचारलं.

"मीच. समद्यांचंच बदलत्यात."

"आणि तुमचं माहेरचं नाव? इथं रकाना हाय."

छबूबाईनं आधी त्या रकान्याकडं बघितलं. मग हळूच म्हणाली, "मुक्ता." स्वतःच्याच तोंडून ते ऐकून दचकली. "आई व्हती तवर हाक मारायची. ती गेली, मग कुणी न्हाय."

इतक्या वर्षांचा राग आता कुणावर धरायचा, तेच प्रगतीला कळेना.

"ताई, पावणेपाच झालेत," सिद्धू म्हणाला. "नोंदणीत अन् आधारवर एकच नाव लागंल. प्रगती ठेवू ना?"

ती सवयीनं हो म्हणणार, तोच छबूबाईनं टेबलावर हात आपटला. "थांब रं! परीक्षा सारजानं दिली, अभ्यास तिनं केला. मग कागद प्रगतीचा कसा? सारजाच लिही."

"आत्या, मग आधार बदलावं लागंल. परत हेलपाटे," प्रगती म्हणाली.

"मग काय झालं? मी येती की तुझ्याबरूबर."

आधार नंतर बदलायच्या अटीवर, प्रतिज्ञापत्र जोडून, पाचला पाच मिनिटं कमी असताना पावती निघाली. डॉक्टरांना फोटो गेला, त्यांचं 'ठीक आहे' आलं, तेव्हा कुठं सारजाच्या जिवात जीव आला. छबूबाईला वाचता येत नव्हतं. प्रतिज्ञापत्रावर आपण उठवलेल्या अंगठ्याशेजारी बोट ठेवून तिनं विचारलं, "हितं माझं नाव हाय?"

"व्हय, आत्या."

"वाच की."

"छबूबाई कुंडलिक. माहेरचं नाव मुक्ता."

छबूबाईनं पदरानं डोळे पुसले.

"शेवटचं परत वाच," ती म्हणाली.