जास्तीचं व्याज येतं कुठून?

हात थरथरायला लागले तशी मावशीने कवळ्या बनवायची आपली कार्यशाळा विकून टाकली. आयुष्यभर लोकांच्या तोंडात दात बसवले. आता आपल्या तोंडात सुखाने घास पडावा, एवढंच तिचं मागणं होतं.

भाच्याकडे सल्ला तयार होताच. "सरकारी रोखे कसले घेतेस, मावशी? सात टक्के! बोटी बांधणारी एक कंपनी कर्जरोखे काढतेय. सरळ बारा टक्के!"

"वरचे पाच येतात कुठून?"

"तुला काय करायचंय? येतात ना!"

पण मावशीला एकदा प्रश्न पडला की घास गोड लागत नसे. दुसऱ्याच दिवशी बस पकडून ती थेट बोटींच्या कारखान्यात जाऊन उभी राहिली.

हिशेबनीस भला माणूस. त्याने तिला हौसेने सगळं फिरवून दाखवलं. रंगाचा वास नाकात झोंबत होता. अर्धवट बांधलेल्या बोटी लाकडी टेकूंवर उभ्या होत्या. मावशीने एकीवर हात फिरवला. काम सुबक होतं, खोट काढायला जागा नव्हती.

"ही कुणाची?"

"अजून कुणाचीच नाही. गिऱ्हाईक येईल की."

"आणि नाही आलं तर?"

"मग आम्हीही थांबायचं, आणि तुम्हीही," तो हसत म्हणाला. "त्या थांबण्याचेच तर जादा पैसे देतो आम्ही."

मावशीला उत्तर पटलं. निघता निघता तिने सहज विचारलं, "तुमची स्वतःची पुंजी कुठे आहे हो?"

हिशेबनिसाने कान खाजवला. "सरकारी रोख्यांत. मुलीचं शिक्षण आहे ना."

मावशी खो खो हसली. तोही हसला. घरी जाताना तिने बँकेत सरकारी रोख्यांचा अर्ज भरून टाकला. तिथल्या बाईंनाही विचारलंच, "सरकार कुठून देणार?" "करातून," बाई म्हणाल्या, "गिऱ्हाइकाची वाट बघावी लागत नाही."

भाच्याने मात्र बोटींचे रोखे घेतले. मध्ये एकदा व्याज लांबलं, पण पुढे पै न् पै मिळाली.

"बघ! उगाच घाबरलीस," तो ऐटीत म्हणाला.

"तुझं भलं झालं, आनंद आहे रे. पण व्याज लांबलं तेव्हा अन्न गोड लागत नव्हतं तुला. निम्मा झाला होतास!"

भाचा ओशाळून हसला. पण पुढच्या खेपेला त्याने पुन्हा बोटींचेच रोखे घेतले.